चार फुटांच्या आत

४ जानेवारी

वहिनी,

नमस्कार लिहिते, कारण मोठ्यांना नमस्कार लिहावा असं बाबांनी शिकवलंय. मनापासून आहे असं समजू नका.

मागच्या आठवड्यात फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर तुम्हीच म्हणालात, "यापुढे जे असेल ते कागदावर लिहा वन्सं, म्हणजे उद्या शब्द फिरवता येणार नाही." ठीक आहे. कागद तर कागद.

बाबांना झटका येऊन सहा आठवडे झाले. मी आठ दिवस येऊन राहिले, तेव्हा काय पाहिलं? बाबा मागच्या खोलीत आढ्याकडे बघत पडलेले, आणि पुढे दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेताय. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. सासऱ्याचं करायला तुम्ही बांधलेल्या नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच म्हटलं, बाबांना माझ्याकडे पाठवा, आमची पुढची खोली मोकळी आहे. तर तुमचं उत्तर काय, "मामंजी म्हणजे शिवायला टाकलेलं कापड आहे का, या शिंप्याकडून उचललं आणि त्या शिंप्याकडे टाकलं?"

बरं. मग मला रोज दाखवा.

सोबत कॅमेरा पाठवते आहे. आमच्या ह्यांनी पहिल्या नोकरीत घेतलेला, साबणाच्या वडीएवढा. यात काही जुळवायचं नाही, भिंग फिरवायचं नाही. खिडकीतून बघा, खटका दाबा, मग अंगठ्याने मागची चक्री अडेपर्यंत फिरवा. झालं. उजेड पाठीशी घ्या. रोज सकाळी बाबांचा एक फोटो. छत्तीस झाले की बाजूची उलटी चक्री फिरवून रीळ आत गुंडाळा आणि पाठवून द्या. मोबाइलवरचे फोटो नकोत. त्यात दहा काढून बरा तेवढा एक पाठवता येतो. रिळातलं खोडता येत नाही.

चेहरा जवळून घ्या. मला त्यांचे डोळे दिसले पाहिजेत. तीस वर्षं मी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर काढली आहेत. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटली नाही. हयगय दिसली, तर गाडी घेऊन येईन आणि बाबांना घेऊन जाईन. मुलगी मी आहे. तुम्ही सून.

तुमची नणंद

१२ जानेवारी

वन्सं,

पार्सल पोचलं. वर 'जपून हाताळा' असं लिहिलं होतंत, ते कॅमेऱ्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे कळलं.

दुकान चालू ठेवलं म्हणता. अहो, दुकान बंद ठेवून बघितलं होतं, तुम्ही यायच्या आधी दोन दिवस. मशीनचा आवाज थांबला की मामंजी मान वळवून दाराकडे बघत राहतात, मग जेवत नाहीत. मशीन सुरू केलं की डोळे मिटतात. आता सांगा, मी काय करावं? त्यांच्या उशाशी बसून तुमच्यासारखं आठ दिवस रडावं? रडायला मलाही येतं. पण माझ्या रडण्याने कुणाची कॉलर बसत नाही.

मी तुरुंगातली कैदी नाही, रोज हजेरी द्यायला. तरी फोटो काढीन. भीती नाही म्हणून नव्हे, भीती आहे म्हणून. तुम्ही बोलता ते करून दाखवणाऱ्यांपैकी आहात. आणि मी त्यांना इथून हलवू देणार नाही. पंचावन्न वर्षं त्या माणसाने या भिंतींमध्ये कापड कापलंय. तुमच्या पुढच्या खोलीत ते कशाकडे बघतील? तुमच्या फुलदाणीकडे?

जेवण नीट आहे. झोप नीट आहे. बोलणं अजून जड आहे, पण हातपाय हळूहळू ठीक होताहेत. आणखी काय लिहू?

तुमच्या दादाची बायको

२५ फेब्रुवारी

वहिनी,

रीळ धुऊन आलं. आमच्याकडे रीळ धुणारा एकच स्टुडिओवाला उरलाय, ऐंशीला टेकलेला. त्याने पाकीट हातात दिलं आणि म्हणाला, "बाई, यातले एकवीस तुम्ही घेतले नाहीत तरी चालेल."

छत्तीसपैकी एकवीस निव्वळ धुकं! बाबांच्या जागी नुसता पिठाचा गोळा. काही फोटोत तर कपाळापासून वरचं डोकंच नाही. कापायची सवय, दुसरं काय.

स्टुडिओवाल्याने समजावलं. या कॅमेऱ्याचं भिंग एका जागी कायमचं बसवलेलं असतं. चार फुटांच्या पुढचं सगळं स्वच्छ, अगदी क्षितिजापर्यंत. चार फुटांच्या आत आलात की सगळं पुसट. आणि जवळ गेलं की खिडकीतून दिसतं एक आणि कागदावर येतं दुसरं, म्हणून डोकी उडतात. मी त्याला म्हटलं, "पण कुणाला मुद्दामच पुसट काढायचे असतील तर?" तो हसला. मी हसले नाही.

मी सवयीप्रमाणे दोन ढीग केले. इकडे पास, तिकडे बाद. पासमध्ये पंधरा, तुम्ही दारातून काढलेले. त्यात बाबा स्वच्छ आहेत, सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, भांग पाडलेला. ते असायलाच हवं, त्याबद्दल शाबासकी मागू नका. पण बादमधल्या एकवीस फोटोंत बाबांचं नाक दिसत नसलं तरी मागचं सगळं लख्ख दिसतं. खिडकीत तीन उष्टे कप आहेत, वहिनी. आणि चादर दोरीवर एका टोकाने लोंबतेय. चोर पुढून झाकायला गेला आणि मागून उघडा पडला.

दुसरं रीळ पाठवलं आहे. या वेळी लबाडी नको.

तुमची नणंद

४ मार्च

वन्सं,

जवळून घ्या, असं कुणी लिहिलं? तुमचं पत्र माझ्यासमोर आहे. शेवटचा परिच्छेद, पहिली ओळ. 'चेहरा जवळून घ्या. मला त्यांचे डोळे दिसले पाहिजेत.' कागदावर लिहायचा फायदा हा असा असतो.

मी तुमचा हुकूम पाळायला त्यांच्या नाकाशी कॅमेरा नेला, आणि लबाड मी! जवळचं दिसत नाही आणि लांबचे उष्टे कप मोजता येतात, असा कॅमेरा तुमच्याच घरी निघावा यात नवल ते काय? तो तुमच्याच वळणावर गेलाय.

कप माझे होते. तिन्ही. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तीनदा गार झाला. कशाने, ते विचारू नका.

आता चार फूट तर चार फूट. शिंप्याच्या घरात मापाची काय वाण? अठ्ठेचाळीस इंच. टेपचं एक टोक मामंजींच्या डाव्या हातात देते, दुसरं कॅमेऱ्याच्या कडेला धरते, टेप ताठ झाली की खटका दाबते. पहिल्या दिवशी त्यांनी काय करावं? टेप हिसका देऊन बघितली. ढिली होती. माझ्याकडे असं बघितलं, जसं नवीन कारागिराकडे बघायचे. मी अर्धा इंच मागे सरकले, तेव्हा मान हलवली.

या रिळात काय दिसेल ते दिसेल. आधीच सांगते, मी काहीही खुलासा करणार नाही.

तुमच्या दादाची बायको

१८ एप्रिल

वहिनी,

खुलासा करणार नाही, हे आधीच का लिहिलंत ते आता कळलं.

या वेळी छत्तीसच्या छत्तीस स्वच्छ. इतके स्वच्छ, की आमचे हे म्हणाले, "अगं, बाबांच्या सदऱ्याचा दोरासुद्धा मोजता येईल." दोरा नाही, मी बटणं मोजली. पुन्हा दोन ढीग केले. पासमध्ये फक्त दहा. बादमध्ये सव्वीस!

सव्वीस दिवस माझा बाप उघड्या, अर्धवट सदऱ्यात बसलाय. काही फोटोत एकही बटण नाही, आतली बनियन दिसतेय. काहींत एकच बटण, तेही पोटावरचं. आणि काहींत तर खालचं बटण वरच्या काजात! एक बाजू वर, एक बाजू खाली, कॉलरचं एक टोक कानाला लागलेलं. हा तो माणूस, वहिनी, जो लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुण्याचं चुकलेलं बटण दिसलं की उठून नीट करून यायचा. आईला लाज वाटायची, "अहो, बसा!" म्हणायची. त्या माणसाला तुम्ही रोज सकाळी असं, गबाळ्यासारखं, कॅमेऱ्यासमोर बसवलंत. बटण लावायला किती वेळ लागतो हो? चुटकी वाजवण्याएवढा! आणि पहिल्या रिळात तर लावत होतात. म्हणजे दीड महिन्यात कंटाळलात. पहिल्या दिवशी झाडलोट, दुसऱ्या दिवशी धूळच धूळ.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या कात्रीला हात लावला, तर हातावर फटका बसला होता. "मुलीच्या हातात कात्री नको." दादाला शिकवलं, त्याला ते आवडतही नव्हतं. मी बाटल्या तपासायला गेले. आणि दादा गेल्यावर बाबांनी कात्री कुणाच्या हातात दिली? तुमच्या. परक्या घरातून आलेल्या बाईला माझ्या बापाची सगळी कला मिळाली, दुकान मिळालं, आणि तुम्हाला त्याची पाच बटणं लावता येत नाहीत?

रविवारी, १० मे रोजी, मी गाडी घेऊन येते आहे. झोपवून नेता येईल अशी. खोली तयार आहे. त्यांचे कपडे भरून ठेवा.

मुलगी

२३ एप्रिल

वन्सं,

या घटकेला मी तुम्हाला काही सांगणार नाही. मी शब्द दिलेला आहे, आणि तुम्हाला दिलेला नाही.

एवढंच करा. ते दोन ढीग मोडा. निगेटिव्हच्या पट्ट्यांच्या कडेला बारीक आकडे असतात, एकपासून छत्तीसपर्यंत. त्या आकड्यांप्रमाणे फोटो लावा. मग लिहा.

दादाची बायको

२९ एप्रिल

वहिनी,

केलं. तुमचं ऐकून नव्हे. आमचे हे म्हणाले, "बाटल्या पट्ट्यावरून सुट्या येतात गं, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. माणसाचे दिवस तसे येत नाहीत." मला राग आला. मग ते खिडकीच्या काचेवर पट्ट्या धरून उभे राहिले, आकडे वाचत गेले, आणि मी जमिनीवर फोटो मांडत गेले. दोन तास.

एक ते पाच, सदरा सताड उघडा. सहाव्यात एक बटण. तेच, पोटावरचं. मग दोन दिवस पुन्हा काही नाही. नवव्यात दोन. तेराव्यात पाचही लावलेली, पण सगळी एका काजाने चुकलेली. पुढे आठवडाभर रोज चुकलेली, रोज निराळी. तेविसाव्यात बरोबर. चोविसाव्यात पुन्हा चूक. सत्तावीसपासून पुढे सगळी बरोबर, एक एकतिसावा सोडला तर.

तेविसाव्या फोटोत बाबा बटणांकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघताहेत. तो फोटो मी पासमध्ये टाकला होता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

हे काय आहे ते मला कळतंय आणि कळत नाहीये. बटणं ते स्वतः लावताहेत का? मग तुम्ही मला वेड्यासारखं का बोलू दिलंत? एका ओळीने काम झालं असतं. तुम्हाला माझी फजिती बघायची होती. मी दहाला येतेच आहे. गाडी सांगून झाली आहे. बाबांनाच विचारीन.

नणंद

४ मे

वन्सं,

आता तुम्ही स्वतःच ओळखलंत, तेव्हा माझा शब्द मोडला असं होत नाही. मोडला असला तरी चालेल, कारण तुम्ही गाडी सांगितलीत.

मामंजींचा उजवा हात गेला. बोटं मिटत नाहीत. कात्री तर सोडाच, त्यांना चमचा धरता येत नाही. तुम्ही आठ दिवस होतात तेव्हा त्यांनी तो हात पांघरुणाबाहेर काढला नव्हता, आठवतं? तुम्ही गेल्यावर मला म्हणाले (एक वाक्य पुरं व्हायला तेव्हा पाच मिनिटं लागायची), "पोरीला सांगू नको. तिच्या डोळ्यांत मी कारागीर आहे." मी शब्द दिला.

पहिल्या रिळात सुरुवातीला बटणं मी लावत होते. तुमच्या 'पास' ढिगातले ते पंधरा दिवस. बघा पुन्हा, त्यांत ते कसे बसलेत. दुकानातल्या लाकडी पुतळ्याला कोट चढवून ठेवतात तसे. व्यायाम शिकवायला बाई यायची, ती एक दिवस माझ्यावर ओरडली, "तुम्ही त्यांचा डावा हातही निकामी कराल." त्या दिवसापासून मी सोडलं. पाच बटणांना पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि एकही लागलं नाही. मी समोर बसून होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शिंपीण मी, वन्सं. चुकलेल्या काजासमोर पाऊण तास नुसतं बसणं म्हणजे काय, ते तुम्ही सांगा, चिरलेली बाटली पट्ट्यावरून पुढे जाऊ देऊ शकाल? ते तीन कप असेच गार झाले. फोटो ते स्वतः 'झालं' म्हणून मान हलवायचे तेव्हाच काढायचा, सदरा उघडा असला तरी. त्यांनीच तसं ठरवलं होतं. तुम्ही रागवाल हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आणि कात्रीचं म्हणाल. तुमचा दादा गेला तेव्हा टेबलावर अकरा जणांची कापडं पडून होती. मामंजींनी कात्री माझ्या हातात कौतुकाने नाही दिली. आग लागल्यावर जवळ उभ्या असलेल्याच्या हातात बादली देतात, तशी दिली. दोन वर्षं माझ्या प्रत्येक कापाला नावं ठेवली. तुम्हाला शिकवलं नाही, हे वाईट झालं. फार वाईट झालं. पण ते मी केलेलं नाही, आणि त्याची उसवण माझ्या अंगावर काढू नका.

दहाला या. दार उघडं असेल. कपडे भरून ठेवलेले नाहीत.

दादाची बायको

१५ मे

वहिनी,

काल घरी पोचले. रविवारी जे झालं ते तुम्ही पाहिलंत, पण तुम्ही अर्धा वेळ स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभ्या होतात, म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते. पुढे कुणी शब्द फिरवायला नको.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, चला माझ्याकडे. गाडी आणलीय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरच्या कोटाकडे बोट केलं. मला केवढा आनंद झाला! मी तुमच्याकडे बघितलं, ते मुद्दाम बघितलं. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

कोट त्यांनी डाव्या हाताने ओढून अंगात घातला. मग बटणं. कोटाला चारच. मी घड्याळ बघत होते. पहिल्याला सात मिनिटं. दुसरं दोनदा काजाच्या तोंडाशी येऊन निसटलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. "बाई, निघायचं ना?" माझ्याच्याने राहवेना. मी उठले आणि चारही बटणं फटाफट लावून टाकली.

तुम्ही म्हणालात, "वन्सं, हात मागे."

मी तुम्हाला मनात जी शिवी दिली ती कागदावर लिहिण्यासारखी नाही.

आणि बाबांनी काय करावं? मी लावलेली चारही बटणं एकेक करून काढली. काढायला त्यांना वेळ लागत नाही, नाही का? आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हॉर्न वाजला. ते तिसऱ्या बटणाशी होते. हॉर्न पुन्हा वाजला. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरवर इतकी ओरडले, की शेजारचा माणूस गॅलरीत आला. "जा तुम्ही! माणूस कपडे करतोय, दिसत नाही?" त्याला काहीच दिसत नव्हतं, बिचाऱ्याला. तो गेला.

आत आले तेव्हा चारही बटणं लागली होती. बरोबर. बाबा उभे होते, भिंतीला हात लावून. म्हणाले, "चल."

गाडी तर गेली! पण ते बाहेरच्या दाराकडे वळलेच नाहीत. दुकानाकडे वळले. सहा महिन्यांत पहिल्यांदा, हे तुम्ही नंतर सांगितलंत. कोट का हवा होता ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बाबा आयुष्यात कधी कोट घातल्याशिवाय दुकानात बसले नाहीत, घर आणि दुकान यांच्यात एक पडदा असला तरी.

खुर्चीत बसले. टेबलावरून हात फिरवला. मी समोर उभी, वाटलं आता काहीतरी बोलतील. लेकीशी इतक्या महिन्यांनी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, ओठ जुळवले, पुष्कळ वेळ लागला, आणि म्हणाले, "बाही तिरकी."

तुम्ही हसलात. मोठ्याने. मी ते विसरणार नाही.

आता काय ते ऐका. बाबा तिथेच राहतील. हे मी तुमच्यासाठी म्हणत नाही. तुम्ही मला आवडत नाही, आणि या पत्राने तुम्ही आवडायला लागाल असं वाटत नाही. मागच्या खोलीतली ती खिडकी अजून पुसलेली नाही. चादरीचं मी तेव्हाच सांगितलं होतं, ती अजूनही एका टोकाने लोंबते. पण हे सगळं कागदावर नीट भांडता येत नाही. पत्र पोचेपर्यंत राग शिळा होतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पंधरा दिवस येणार आहे, समोरासमोर भांडायला. बाबांचं सकाळचं मी बघीन, तुम्ही दुकान बघा.

येऊ का, असं विचारत नाही. माहेर आहे माझं.

नणंद

२० मे

वन्सं,

माहेर तुमचं आहे, चूल माझी आहे. एवढं लक्षात ठेवून या.

खिडकी तुम्ही आल्यावर पुसा. तुमच्यासाठीच ठेवली आहे. दोरीवरच्या चादरीचं म्हणाल, तर ती मामंजी टाकतात, एका हाताने. ती मी सरळ करणार नाही, आणि तुम्हीही करायची नाही. आंघोळीनंतर सदरा त्यांच्या डावीकडे ठेवायचा, घडी मोडून, आणि बाजूला व्हायचं. परवा त्यांना अठरा मिनिटं लागली. घड्याळाकडे बघू नका, त्यांना कळतं. 'शाबास' म्हणू नका, त्यांना राग येतो. बटण निसटलं की तुमचा हात आपोआप पुढे जाईल. माझा अजून जातो. तेव्हा काहीतरी हातात घेऊन बसा, मटार सोला, लोकर गुंडाळा, काहीही. आणि तेवढ्यात मला हाक मारू नका, मी येणार नाही, आले तर दोघी मिळून बिघडवू.

पहिले चार दिवस फार जड जातात. पाचव्या दिवशीही जातात, पण तोवर निदान रडू आवरायला जमतं.

मला पाचव्या दिवशी जमलं होतं.

वहिनी